भौतिकशास्त्राचे शिक्षक, समिती आणि पहूर

भारतीय भौतिकशास्त्र शिक्षक संघटना १९८४ साली प्रा. डी. पी. खंडेलवाल यांच्या पुढाकाराने उभी राहिली. आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिम्पियाडमध्ये भारत १९९८ पासून सहभागी होत आहे. त्यासाठीच्या निवडीची पहिली परीक्षा ही संघटना घेते. पुढील टप्पे मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे असतात. परीक्षेची ही सारी उठाठेव समित्यांवरील शिक्षक आपले तास सांभाळून करतात, हे पालकांस क्वचितच ठाऊक असते.

परंतु या समित्यांवर खेड्यातला शिक्षक किती वेळा बसू शकेल? जामनेर तालुक्यातील पहूरहून मुंबई-पुण्याची बैठक गाठायची, तर जाण्यायेण्यातच दोन दिवस मोडतात. रजा कोण देणार, आणि वर्ग कोण घेणार? मग प्रश्नपत्रिकेत शहरी प्रयोगशाळाच डोकावली, तर नवल ते काय!

याच जळगाव जिल्ह्यात, खिरोद्याच्या परिसरात, होमी भाभा केंद्राने १९७० च्या दशकात ग्रामीण शाळांतील विज्ञान-शिक्षणाचा प्रकल्प राबविला. तेव्हा तज्ज्ञ मुंबईहून शिक्षकांच्या दारी आले होते. समितीची एखादी बैठक जळगावला भरवावी आणि तिची हजेरी शाळेने कर्तव्यकाल धरावी, एवढीच आमची मागणी आहे.