पत हेच भांडवल

आमच्या कितीतरी गावांतील घरांचे चिरे दुबईच्या पगारावर चढले आहेत. त्या शहराचे वैभव निव्वळ तेलाचे, अशी पुष्कळांची समजूत असते. आम्हांस ती खरी वाटत नाही.

दुबईचा जुना आधार मोत्यांचा. जपानात शिंपल्यांत वाढविलेल्या मोत्यांनी व जागतिक मंदीने तो १९३० नंतर ढासळला. उरली ती एक खाडी, आणि तीही गाळाने भरत चाललेली. शेख रशीद यांनी कुवेतकडून कर्ज काढून १९५९ मध्ये ती उपसण्यास आरंभ केला. तेल सापडले ते त्यानंतर, १९६६ मध्ये. त्या सालापर्यंत तेथील बाजारात रुपयाच चालत असे. आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी निराळ्या नोटाही काढल्या होत्या. तेलाचा साठा बेताचाच होता. म्हणून बंदरे बांधण्यात आली: १९७२ मध्ये रशीद बंदर, १९७९ मध्ये जेबेल अली.

माल आला, तरी पैसा येण्यास आणखी काही लागते. परका सावकार प्रथम विचारतो, उद्या तंटा झाला तर न्याय कोण करील, व कोणत्या कायद्याने? त्याचे उत्तर म्हणून २००४ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून सुमारे ११० एकरांचे वित्त केंद्र स्थापन झाले. त्या हद्दीत व्यापारी व दिवाणी व्यवहारांस इंग्रजी धर्तीचा कायदा व इंग्रजीत चालणारे न्यायालय. फौजदारी कायदा मात्र देशाचाच. घड्याळही साह्यास आले. लंडनच्या पेढ्या उघडण्यापूर्वी व सिंगापूरच्या मिटण्यापूर्वी दुबईच्या पेढ्या उघडतात.

पत वाढली, तसे कर्जही वाढले. २००९ च्या नोव्हेंबरात ‘दुबई वर्ल्ड’ या सरकारी कंपनीने फेडीस मुदत मागितली आणि दूरदूरचे बाजार हादरले. डिसेंबरात शेजारच्या अबू धाबीने १० अब्ज डॉलर दिले, तेव्हा वेळ निभावली. पुढच्याच महिन्यात ‘बुर्ज दुबई’ म्हणून बांधलेला मनोरा अबू धाबीच्या राज्यकर्त्याच्या नावाने ‘बुर्ज खलिफा’ झाला.

खाडीसाठी काढलेल्या कर्जाने जहाजे आणली. गिऱ्हाइकांच्या भरवशावर उठविलेल्या इमारतींच्या कर्जाने शेजाऱ्याच्या दारी नेले. परदेशच्या पगारावर कर्ज काढू पाहणाऱ्या कर्त्या माणसांनी एवढे मनाशी विचारावे: आपले कर्ज खाडी उपसणारे आहे, की नुसता मजला चढविणारे?