सुईच्या आधी वैरण

दुभत्या जनावराच्या योनीत हवा फुंकून त्याला जबरीने पान्हवायला लावायचे, या प्रकाराला ‘फुका’ म्हणत. तो इतका बोकाळला होता की 1890 च्या प्राणिक्लेशविरोधी कायद्यात त्यासाठी शिक्षेचे स्वतंत्र कलम घालावे लागले. गांधीजींनी 1912 मध्ये दूध वर्ज्य केले, त्यामागे कलकत्त्यातल्या या छळाची कळलेली हकीकत हेही एक कारण होते. फुका घालणाऱ्या गवळ्याला हार्मोन हा शब्द ठाऊक नव्हता. पण जननमार्गावर ताण आला की मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटते आणि कासेतले दूध खाली उतरते, याच यंत्रणेला तो ओरबाडत होता. 1953 मध्ये विन्सेंट द्यू विन्यो यांनी ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत तयार केले आणि 1955 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. अडलेल्या बाळंतिणीला वाचवणारे हे औषध गोठ्यात मात्र फुक्याच्या जागी आले. 1960 च्या कायद्यात फुक्यावर बंदी होतीच, 1982 च्या दुरुस्तीने दुधासाठी टोचल्या जाणाऱ्या सुईलाही तिथे आणून बसवले.

जनावरांच्या प्रजननाविषयीच्या ज्ञानाचा दुसरा, उजळ प्रवाह पुणे जिल्ह्यातून वाहिला. गांधीजींचे अनुयायी मणिभाई देसाई 1946 पासून उरुळी कांचनला राहिले आणि 1967 मध्ये त्यांनी ‘बाएफ’ ही संस्था उभी केली. 1949 मध्ये इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांना ग्लिसरीनच्या मदतीने वीर्य गोठवून जिवंत ठेवण्याची युक्ती सापडली होती. कृत्रिम रेतनासाठी उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या घेऊन ‘बाएफ’चा कार्यकर्ता शेतकऱ्याच्या दारात जाऊ लागला. जनावर चालवत दवाखान्यात नेण्यापेक्षा दवाखानाच गोठ्यात आला, हे मणिभाईंचे मोठे योगदान मी मानतो.

याच जिल्ह्यातल्या मावळ तालुक्यात मात्र या प्रवाहाची गती मंदावते. कारण इथे घरोघर म्हैस आहे. गाय माजावर आली की हंबरते, दुसऱ्या जनावरावर उडते; म्हशीचा माज बहुधा मुका असतो आणि बऱ्याचदा रात्री किंवा पहाटे येतो. सोट म्हणजे माजाचा चिकट स्राव दिसला नाही, लघवी वारंवार होतेय हे कोणी टिपले नाही, की माज हुकतो आणि पुढची वाट एकवीस दिवसांची. तेवढ्या दिवसांची वैरण फुकट जाते. शिवाय म्हैस दिवस लहान होऊ लागले की माजावर येणारे जनावर आहे. उन्हाळ्यात तिचे चक्र बहुधा मंदावते.

यावर विज्ञानाने उत्तर काढले. मेंदूतल्या जीएनआरएच या हार्मोनची रचना 1971 मध्ये उलगडली, त्याबद्दल शॅली आणि गिलमँ यांना 1977 चे नोबेल मिळाले. पुढे 1995 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ‘ओव्हसिंक’ ही पद्धत मांडली: आधी जीएनआरएच, सात दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन, दोन दिवसांनी पुन्हा जीएनआरएच आणि मग ठरल्या वेळी रेतन. माज पाहत बसण्याची गरजच उरत नाही. पण ज्या म्हशीचे चक्र मुळात बंद पडले आहे, तिच्यात ही पद्धत बरीच तोकडी पडते.

आणि चक्र बंद का पडते? याचे उत्तर लोणावळ्याच्या पावसात आहे. त्या पावसामुळे मावळ हा भाताचा मुलूख. सुगीनंतर जनावराच्या दावणीत वर्षभर पेंढाच पडतो. त्यात प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के, फॉस्फरस नगण्य, सिलिका भरपूर, आणि ऑक्झॅलेट असे की पोटातले कॅल्शियमही बांधून ठेवते. शरीराला ऊर्जा कमी पडली की मेंदू जीएनआरएचचे स्पंदन मंद करतो, बीजांड पक्व होऊन सुटत नाही. तिथे वरून सुई टोचून काय होणार? वर रस्ते, बंगले आणि जमिनीच्या विक्रीने चराईचे डोंगरउतारही आक्रसले. धनगरवाड्यावरच्या म्हशी पूर्वी उतारावर जो विविध चारा खात, तो आता मिळत नाही. पर्यटकांच्या चहापोटी दुधाला भाव आहे, पण भाकड म्हैस पोसून तो भाव कोणाच्या पदरात पडणार?

म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. हार्मोनची सुई हा शेवटचा उपाय आहे. पहिला उपाय पेंढ्यावर: शंभर किलो पेंढ्याला चार किलो युरिया पाण्यात विरघळवून, हवाबंद ठेवून तीन आठवड्यांनी तो खाऊ घालायचा, ही जुनी सिद्ध रीत आहे, मात्र ती पशुवैद्याच्या देखरेखीखालीच करावी. सोबत खनिज मिश्रण आणि बांधावर हिरवा चारा. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने 1987 मध्ये इंद्रायणी तांदूळ दिला आणि मावळचे नाव घरोघर नेले. त्याच भाताच्या पेंढ्याचा आणि त्यावर जगणाऱ्या म्हशीचा अभ्यास तितक्याच निष्ठेने व्हायला हवा. तालुक्यातल्या दूध संस्थांनी, जिल्हा परिषदेच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांनी प्रत्येक म्हशीच्या माजाची, रेतनाची आणि वेताची नोंद ठेवावी. आणि गोठ्यात पहाटे उठणाऱ्या बाईला ती कशी ठेवायची, हे आधी शिकवावे. तिचे डोळे मुका माज टिपतात. तिला या कामाचा मोबदला मिळालाच पाहिजे.