बांधापलीकडचे गिऱ्हाईक



या पानावर मी नेहमी लागणीच्या तारखा, बेणे, हुमणी आणि खोडव्यातले पाचट यांबद्दल लिहीत आलो आहे. आज जरा वेगळे लिहितो. गेल्या महिन्यात गटाच्या ऊस मेळाव्यात चर्चा हुमणीवरून निघाली आणि बांगलादेशावर जाऊन पोहोचली. एका तरुण सभासदाने मोबाईलवर एक जुनी बातमी दाखवली. मेघालयाच्या सीमेवर चोरून पलीकडे नेत असलेली साखरेची पोती जवानांनी पकडली, अशी ती बातमी. तो म्हणाला, "साहेब, त्यांना साखरेचा दाणासुद्धा देऊ नये. सगळा व्यवहारच बंद करून टाकावा." शेजारी बसलेले एक वयस्कर सभासद तंबाखू मळता मळता म्हणाले, "बंद होतं म्हणूनच चोरून गेली न्हवं का रं पोरा?"

मेळावा संपला, पण ही दोन वाक्ये माझ्या डोक्यात घोळत राहिली. विचार केला तेव्हा मला त्या आबांचेच म्हणणे पटले. का पटले, ते सांगतो. हे मत माझे आहे, संचालक मंडळाचे नव्हे.

आधी ती सीमा कशी आहे ते पाहू. भारत-बांगलादेश सीमा ४,०९६ किलोमीटर लांबीची. पश्चिम बंगाल, आसाम, मेघालय, त्रिपुरा आणि मिझोराम अशा पाच राज्यांना ती लागून आहे. मध्ये हिमालयासारखा डोंगर नाही की समुद्र नाही. रेघ गेली आहे ती भातखाचरांतून, नदीच्या पात्रातून, कुठे कुठे तर वस्तीला खेटून. १९४७ साली ती घाईघाईने मारली गेली. अलीकडे पुष्कळ ठिकाणी तारेचे कुंपण झाले आहे आणि सीमा सुरक्षा दलाचे जवान रात्रंदिवस पहारा देतात. तरीही साखर गेलीच. कशी गेली?

बांगलादेशात ऊस होतो, पण गरजेच्या मानाने साखर फारच थोडी. तिथल्या १५ सरकारी कारखान्यांपैकी ६ कारखान्यांचे गाळप २०२० च्या डिसेंबरात थांबवण्यात आले. बहुतेक साखर बाहेरून येते, त्यातही मुख्यतः ब्राझीलची कच्ची साखर. ती तिथल्या खासगी रिफायनऱ्या शुद्ध करून विकतात. म्हणजे साखरेचे कायमचे गिऱ्हाईक आपल्या देशाच्या बांधाला लागून आहे, आणि त्याला माल येतो तो सात समुद्रांपलीकडून.

२०२१-२२ च्या हंगामात आपल्या देशाने १०० लाख टनांहून जास्त साखर बाहेर विकली. त्यात बांगलादेश हा मोठा खरेदीदार होता. मग १ जून २०२२ पासून निर्यातीवर निर्बंध आले. पुढच्या हंगामात ६० लाख टनांच्या आसपास कोटा मिळाला. २०२३-२४ मध्ये पाऊसमान कमी झाले, देशात साखर पुरते की नाही याची धास्ती होती, म्हणून सर्वसाधारण निर्यात बंदच राहिली. देशातल्या ग्राहकाची काळजी सरकारने करावी, यात चूक काही नाही. पण त्याच सुमारास पलीकडे साखर किलोला १३० टक्यांच्या वर गेली होती. आपल्या हिशेबाने ती शंभर रुपयांच्या घरात पडते. इकडे भाव चाळीस-पंचेचाळीस. त्यांच्या सरकारची आयात जकातही जबर होती, हेही सांगितले पाहिजे. दोन्ही सरकारांनी मिळून एका पोत्यामागे एवढा फरक तयार केला, की रात्री डोक्यावर पोते घेऊन ओढा ओलांडणारा माणूस मिळणारच. सिल्हेटच्या बाजूला ट्रकच्या ट्रक आपली साखर पकडली गेली. न पकडलेली किती, ते कोण सांगणार?

यात कमावले कोणी? पोत्यावर नाव आपल्यासारख्याच एखाद्या कारखान्याचे असेल. पण वरच्या पैशातला छदामही उसाच्या बिलात आला नाही. आपल्या सरकारला काही मिळाले नाही, त्यांच्या सरकारची जकात बुडाली. कमाई झाली ती मधल्या टोळ्यांची आणि त्यांच्याकडे काणाडोळा करणाऱ्यांची. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार.

आता घरचे उदाहरण. वीसेक वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका कारखान्यात ऍग्री ओव्हरसियर होतो. त्या वर्षी ऊस कमी होता. नोंदीचा ऊस बाहेर जाऊ नये म्हणून आम्ही रस्त्यारस्त्यावर राखणदार बसवले. परिणाम काय झाला? रात्री दिवे न लावता ट्रॅक्टर आडवाटेने गुऱ्हाळाकडे जाऊ लागले. दोन राखणदार तर त्यांनाच सामील झाले. पुढच्या वर्षी आम्ही लागणीच्या तारखेप्रमाणे तोडणीचा कार्यक्रम लावला, तो चावडीच्या फळ्यावर लिहिला आणि बिल वेळेवर दिले. राखणदार निम्मे केले, तरी ऊस आत आला. शेतकरी चोर नव्हता. त्याला तोड कधी मिळणार आणि पैसे कधी मिळणार, याचा भरवसा नव्हता.

आणखी एक गोष्ट सांगतो, थोडी माझ्याच अंगावर येणारी. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने परराज्यात ऊस नेण्यास बंदीचा हुकूम काढला होता. कारखान्याचा माणूस म्हणून मला तेव्हा तो बरा वाटला, खोटे कशाला बोलू? पण तुम्ही सभासद म्हणालात, "ऊस आमचा, कर्नाटकात भाव चांगला मिळाला तर आम्ही का नेऊ नये?" शेतकऱ्यांच्या विरोधामुळे तो हुकूम मागे घ्यावा लागला. तुमचे म्हणणे रास्त होते. मग आपला माल नेण्याचा हक्क आपल्याला हवा, आणि साखरेच्या बाबतीत मात्र दार लावून घ्या, हे दोन्ही एका तोंडाने कसे म्हणता येईल?

दार अचानक लावले की काय होते, ते नाशिक जिल्ह्यातल्या कांदा उत्पादकाला विचारा. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्यात बंद झाली, सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा, डिसेंबर २०२३ मध्ये तिसऱ्यांदा. २०२० ला तर बंगालच्या नाक्यांवर कांद्याचे ट्रक अडकून माल नासला. बांगलादेशाने २०१९ ला विमानाने कांदा आणून वेळ निभावली. त्यानंतर त्यांनी दुसरे देश शोधले आणि स्वतःची लागवडही वाढवली. गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या दुकानाची पायरी चढले की परत आणणे सोपे नसते.

त्याहून जुना दाखला तागाचा आहे. आपण साखर भरतो ते बारदान तागाचे. फाळणीत ताग पिकवणारी उत्तम जमीन पूर्व बंगालात गेली आणि तागाच्या गिरण्या कोलकात्याच्या बाजूला राहिल्या. १९४९ साली भारताने रुपयाचे अवमूल्यन केले, पाकिस्तानने केले नाही, आणि त्या वादात व्यापार ठप्प झाला. तिकडे ताग पडून, इकडे गिरण्या उपाशी. शेवटी आपण भाताच्या जमिनीत ताग वाढवला आणि त्यांनी नव्या गिरण्या उभारल्या. ज्या कामासाठी एक संसार पुरत होता, तिथे दोन चुली मांडाव्या लागल्या.

कोणी म्हणेल, साहेब, हा व्यापाराचा नाही, देशाच्या संरक्षणाचा प्रश्न आहे. बरोबर आहे. आपल्या भागातली किती तरी मुले फौजेत आणि सीमा सुरक्षा दलात आहेत, त्यांच्या जिवाचे मोल मला कळते. म्हणूनच तर सांगतो. ज्या आडवाटेने साखर जाते, तिथूनच जनावरे, नशेच्या औषधाच्या बाटल्या आणि बनावट नोटा जातात-येतात. साखर पावती घेऊन दिवसाढवळ्या नाक्यावरून गेली, तर जवानाला रात्री साखरेच्या पोत्यामागे धावावे लागणार नाही. त्याची नजर खऱ्या धोक्यावर राहील. दार आणि राखण एकमेकांच्या विरुद्ध नाहीत. वाड्याला दिंडी दरवाजा असतो म्हणूनच भिंतीवरून उडी मारणारा चोर ओळखता येतो.

हे नुसते बोलणे नव्हे, करून पाहिलेले आहे. २०११ च्या जुलैत मेघालयातल्या कालाइचर येथे दोन्ही देशांचा मिळून सीमेवरचा आठवडी बाजार सुरू झाला. पाच किलोमीटरच्या आतल्या गावकऱ्यांनी यावे, ठरलेल्या मर्यादेत भाजीपाला, फळे, कापड विकावे-घ्यावे आणि संध्याकाळी घरी जावे. पुढे त्रिपुरातही असे बाजार निघाले. जमिनीचेही तसेच. एकमेकांच्या पोटात अडकलेली १६२ बेटे होती, आपली १११ आणि त्यांची ५१. दुसऱ्याच्या शिवारात आपला तुकडा असला की वाट कशी अडते, ते तुम्हाला सांगायला नको. १९७४ साली करार झाला, पण अदलाबदल व्हायला २०१५ उजाडले. एकेचाळीस वर्षे लागली, पण ती बोलणी करूनच झाली, गोळीने नव्हे.

पाण्याचा करार तर कालव्याच्या पाळीसारखाच आहे. १९९६ च्या गंगा करारात फराक्का येथे १ जानेवारी ते ३१ मे या काळातले पाणी दहा-दहा दिवसांच्या हिशेबाने वाटून घेतले आहे. प्रवाह ७० हजार क्युसेक किंवा त्याहून कमी असेल तर निम्मे-निम्मे. ऐन उन्हाळ्यात दोघांना आळीपाळीने ३५ हजार क्युसेकची हमी. करार ३० वर्षांचा, म्हणजे २०२६ च्या डिसेंबरापर्यंतचा. सगळ्यांचे समाधान त्याने झाले असे नाही. कोणत्या पाळीने झाले आहे? पण पाळी लिहिलेली असली की दारे फोडायला कोणी कुऱ्हाड घेऊन निघत नाही.

अलीकडे हवा पुन्हा बिघडली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ढाक्यातले सरकार गेले. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्यांनी जमिनीवरच्या नाक्यांतून आपले सूत घेणे बंद केले. मे महिन्यात आपण त्यांचे तयार कपडे जमिनीच्या नाक्यांवरून घेणे थांबवले आणि न्हावाशेवा व कोलकाता ही दोनच बंदरे खुली ठेवली. दोन्हीकडे रागाला कारणे असतील. पण बांगलादेश हा आपल्या सुताचा सगळ्यात मोठा खरेदीदार. सूत अडले की त्याची झळ कापूसवाल्यापर्यंत येते. राग राजधानीत येतो, वजनकाटा मात्र गावात हलतो.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आपण एक ठराव करावा आणि तो साखर संघामार्फत दिल्लीला पाठवावा. देशाची गरज आणि पुढच्या हंगामासाठीचा शिल्लक साठा आधी बाजूला काढावा, त्यात तडजोड नको. उरलेल्यातून शेजारी देशासाठी वर्षाचा ठरलेला कोटा असावा, लहान का असेना. तो गाळपाला सुरुवात होण्यापूर्वी जाहीर व्हावा. २०२५ च्या जानेवारीत १० लाख टनांची निर्यात परवानगी आली, तेव्हा हंगाम निम्मा सरत आला होता. आणि एकदा दिलेला कोटा मध्येच तोडू नये. साल तुटीचे असेल तर कमी द्यावा, पण आधी सांगून द्यावा.

आपला कारखाना उभा राहिला तो शेजाऱ्यावर सगळा विश्वास होता म्हणून नव्हे. बांधावरून भांडणारे लोकच एका शेअरच्या कागदावर सह्या करून बसले. भांडण मिटले नाही, पण व्यवहार लिहून ठेवला, आणि लिहिलेला व्यवहार भांडणाला पुरून उरला. मेळाव्यातल्या त्या तरुण मित्राला माझे हेच सांगणे आहे. पलीकडच्यावर प्रेम कर असे मी म्हणत नाही. माल मोजून दे, पैसे मोजून घे आणि कुंपणही नीट राख. तिन्ही गोष्टी एकत्र होतात.

ठरावाबद्दल आपले म्हणणे गट कार्यालयात लेखी द्यावे. विरोधातले असेल तर जरूर द्यावे. आणि हो, आडसाली लागणीच्या नोंदी राहिलेल्यांनी त्याही सोबतच आणाव्यात.

आपला,
ऊस विकास अधिकारी