संशय संस्थेवर, शिक्षा आपद्ग्रस्तांना

जुलै २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद व संग्रामपूर या तालुक्यांत अतिवृष्टी झाली, नदीनाल्यांचे पाणी गावांत शिरले आणि पेरलेली शेते खरडून गेली. अशा वेळी सरकारी मदत पंचनाम्याच्या मार्गाने येते. ही पद्धत चुकीची आहे असे नाही. सार्वजनिक पैसा असाच खर्च व्हावयास हवा. परंतु धान्य, ताडपत्री, पिण्याचे पाणी आणि औषधे यांची गरज पंचनाम्यासाठी थांबत नाही. ती पोकळी बऱ्याच अंशी स्वयंसेवी संस्था भरून काढतात. म्हणूनच सरकार जेव्हा अशा संस्थांवर आरोप करते, तेव्हा तो खरा की खोटा एवढाच प्रश्न उरत नाही. निकाल लागेपर्यंत मदतकार्याचे काय व्हावे, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा असून त्याची चर्चा मात्र क्वचितच होते.

विदर्भाला हा प्रकार नवा नाही. १९६६-६७ च्या बिहारमधील दुष्काळात जयप्रकाश नारायण यांच्या नेतृत्वाखाली ज्या सर्वोदयी मंडळींनी मोठे मदतकार्य उभारले, त्यांच्याच वर्तुळातील संस्थांची चौकशी करण्यासाठी केंद्र सरकारने १९८२ साली कुदाल आयोग नेमला. गांधी शांती प्रतिष्ठानाबरोबर सेवाग्रामशी नाते असलेला सर्व सेवा संघही त्या चौकशीच्या फेऱ्यात सापडला. आयोगाचे काम १९८७ पर्यंत चालले. निष्कर्ष काहीही असोत, कार्यकर्त्यांची पाच वर्षे खुलासे लिहिण्यात जावीत ही शिक्षाच होय, आणि ती निकालाआधीच भोगून झालेली असते.

विदेशी देणग्यांचे नियमन करणारा कायदा १९७६ साली, म्हणजे आणीबाणीत झाला. २०१० मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली व सप्टेंबर २०२० मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. त्या दुरुस्तीचे समर्थन करताना सरकारने सांगितले की, २०११ ते २०१९ या काळात १९,००० हून अधिक संस्थांची नोंदणी रद्द झाली. फौजदारी तपास मात्र काही डझन संस्थांविरुद्धच सुरू करावा लागला. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. नोंदणी गमावलेल्यांपैकी हजारोंचा दोष वार्षिक विवरणपत्रे न भरणे हा होता. तो दोष आहेच. पण दप्तरदिरंगाई आणि देशद्रोह एकाच तागडीत तोलले गेले, की प्रामाणिक चिटणीसही गावात संशयाने पाहिला जातो.

या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली, विदेशी देणगी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतच स्वीकारण्याचे बंधन घातले आणि एका संस्थेने दुसरीला ही रक्कम देण्यास मनाई केली. यातील शेवटची अट सर्वांत जाचक आहे. परदेशी देणगीदाराला तालुक्याच्या गावची संस्था माहीत नसते. तो मुंबई-पुण्याच्या संस्थेला ओळखतो, आणि त्या संस्थेला खेड्यातील विधवेचे घर कोणते हे ठाऊक नसते. हा दुवाच कायद्याने तोडला. त्याचा प्रत्यय २०२१ च्या उन्हाळ्यात आला. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत परदेशातून मदत देऊ करणारे होते, पण अनेक संस्थांचे दिल्लीतील खाते कार्यान्वित नव्हते व हाती आलेली मदत खालच्या संस्थेकडे देता येत नव्हती. खात्याची मुदत ३१ मार्चवरून ३० जूनपर्यंत वाढविण्यात आली खरी. पण ही घोषणा मे महिन्यात झाली! सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये या दुरुस्तीची घटनात्मकता मान्य केली. कायदा वैध ठरला. तो शहाणपणाचा आहे काय, हा प्रश्न शिल्लकच आहे.

आरोप नेहमी पोकळच असतात असे समजणे भाबडेपणाचे होईल. जानेवारी २०२४ मध्ये इस्राएलने पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्थेतील १२ कर्मचाऱ्यांवर आदल्या ऑक्टोबरमधील हल्ल्यात सहभागाचा आरोप केला. राष्ट्रसंघाच्याच चौकशीत ९ जणांचा सहभाग असू शकतो असे आढळले. परंतु गाझात त्या संस्थेचे सुमारे १३,००० कर्मचारी होते, आणि चौकशी पुरी होण्याआधीच डझनाहून अधिक देशांनी निधी थांबविला होता. नऊ जणांच्या अपराधाचा भुर्दंड शिधापत्रिकेच्या रांगेत उभ्या असलेल्यांवर पडला.

नियंत्रण आणि सहकार्य एकत्र नांदू शकतात, हे आपल्याच जिल्ह्यात २०१८ मध्ये दिसले आहे. 'सुजलाम सुफलाम बुलढाणा' या उपक्रमात भारतीय जैन संघटनेने गाळ काढणारी यंत्रे दिली, इंधनाचा भार सरकारने उचलला. संस्थेला चोर ठरविल्याखेरीजही काम करवून घेता येते.

सध्याच्या तरतुदीनुसार चौकशीसाठी नोंदणी १८० दिवस निलंबित करता येते व ही मुदत आणखी १८० दिवस वाढविता येते. म्हणजे एक खरीप आणि एक रब्बी. या काळात शिल्लक निधीपैकी २५ टक्क्यांपर्यंतच रक्कम, तीही पूर्वपरवानगीने, खर्च करता येते. आरोपपत्र लेखी असावे, पहिल्या १८० दिवसांतच त्याचा निकाल लागावा, आणि तोवर आपद्ग्रस्तांसाठी राखून ठेवलेला सर्व पैसा जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली खर्च करू द्यावा. एवढ्याने सरकारचा एकही अधिकार कमी होत नाही.