तिलावतीबरोबर पुस्तकेही उघडावीत

मक्केजवळच्या हिरा गुहेत हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांना जो पहिला संदेश मिळाला, त्याचा पहिला शब्द होता ‘इकरा’, म्हणजे वाच. तो महिना रमजानचा होता. त्याच पहिल्या आयतींमध्ये लेखणीचाही उल्लेख येतो. पुढे बद्रच्या लढाईतल्या, खंडणी देऊ न शकणाऱ्या साक्षर कैद्यांनी मदिनेतल्या मुलांना लिहायला-वाचायला शिकवावे आणि सुटून जावे, असे ठरल्याचे सीरतच्या ग्रंथांत नोंदलेले आहे. ती लढाईही रमजानमधलीच.

रमजानमध्ये घराघरात कुरआनची तिलावत होते, तरावीहमध्ये तीस पारे ऐकले जातात. या इबादतीची जागा दुसरे काहीही घेऊ शकत नाही. पण अनेक घरांत कुरआन शरीफ आणि मुलांची क्रमिक पुस्तके सोडली, तर तिसरे पुस्तक सापडत नाही. इबादतीच्या महिन्यात गोष्टीची पुस्तके कशाला, असे कुणी विचारेल. मात्र जोहर ते असर आणि तरावीहनंतरचा किती वेळ मोबाइलवर जातो, याचा हिशेबही प्रत्येकाने मांडावा. त्यातला अर्धा तास पुस्तकाला दिला तर रोजा अधिक समृद्धच होईल.

सुरुवात प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’ या कथेने करावी. आईबाप नसलेला चिमुकला हमीद तीन पैसे घेऊन ईदच्या मेळ्याला जातो. मित्र खेळणी आणि मिठाई घेतात. तो चिमटा घेतो, कारण रोटी भाजताना आजी अमीनाची बोटे पोळतात. मोठ्या वयात ही कथा पुन्हा वाचली की हमीदपेक्षा अमीनाच जास्त आठवत राहते. जकात आणि फित्रा वेळेत, ईदच्या नमाजपूर्वी का पोहोचला पाहिजे, हे ही कथा उपदेश न करता सांगते.

दुसरे पुस्तक पक्षितज्ज्ञ सालिम अली यांचे आत्मचरित्र ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’. मुंबईच्या खेतवाडीत मामांकडे वाढणाऱ्या या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. हा पक्षी खाणे हलाल आहे का, हा प्रश्न घेऊन तो मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्याकडे गेला. मामांनी त्याला गप्प बसवले नाही; चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथे पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण उघडले गेले आणि एका आयुष्याची दिशा ठरली. मुलांच्या प्रश्नांना दटावणाऱ्या प्रत्येक वडीलधाऱ्याने ही पाने वाचावीत.

तिसरे रुकय्या सखावत हुसैन यांचे ‘सुलतानाज ड्रीम’. 1905 साली बंगालमधल्या या मुस्लिम स्त्रीने एक अद्भुत देश कल्पिला. तिथे कारभार स्त्रिया चालवतात, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो आणि पुरुष घरात पडद्यात असतात. वाचताना हसू येते आणि लगेच टोचतेही. रुकय्या नुसते स्वप्न पाहून थांबल्या नाहीत. पतीच्या निधनानंतर त्यांनी मुलींची शाळा काढली. 1911 मध्ये ती कोलकात्यात सुरू झाली. दहावीनंतर मुलीला घरी बसवण्याचा विचार ज्या घरात चालू असेल, तिथे हे छोटे पुस्तक आवर्जून पोहोचायला हवे.

चौथे अगदी आपल्या मातीतले: श्रीगोंद्याचे संत शेख महंमद यांचा ‘योगसंग्राम’. सतराव्या शतकातला हा ग्रंथ मराठी ओवीत आहे. भाषा जुनी असल्याने तो सावकाश वाचावा लागतो. त्यातला संग्राम माणसाच्या आतल्या शत्रूंशी, अहंकाराशी आहे. नफ्सशी झुंजणे म्हणजे काय, हे रोजेदाराला वेगळे सांगावे लागत नाही. मराठी ही मुसलमानांचीही भाषा आहे, याचा याहून जुना आणि भक्कम पुरावा कोणता हवा?

एक कथा, एक आत्मचरित्र, एक अद्भुतिका आणि एक ओवीग्रंथ. चारही वाटा वेगळ्या, पण चारही पुस्तके वाचणाऱ्याला अधिक दयाळू आणि अधिक जिज्ञासू करतात. रोजाकडूनही दुसरी अपेक्षा ती काय असते?

यंदा ईदीच्या नोटेबरोबर मुलांच्या हाती एकेक पुस्तक द्यावे. मोहल्ल्यातल्या मशिदीच्या किंवा मदरशाच्या एका खोलीत एक कपाट पुस्तकांचे असावे आणि ते मुलींसाठीही उघडे असावे. ‘इकरा’ हा हुकूम पुरुष-स्त्री, लहान-थोर असा भेद करत नाही. तो पाळण्याची तौफिक अल्लाह सर्वांना देवो. आमीन.