सात जणांची गाडी: सीएनजी घ्यावी की हायब्रीड?

तिवस्यातून सात जण लग्नासाठी नागपूरला निघाले की सीएनजी एर्टिगाची खरी अडचण कळते. ६० लिटरची टाकी तिसऱ्या रांगेमागे बसलेली. बॅगा ठेवायच्या कुठे? कंपनीचा दावा किलोमागे २६.११ किलोमीटरचा आहे आणि गॅस संपला तर पेट्रोल आहेच.

इनोव्हा हायक्रॉस हायब्रीडचा दावा लिटरमागे २३.२४ किलोमीटरचा. डिकी मोकळी, चार्जिंगची कटकट नाही. ब्रेक लावला की बॅटरी भरते. पण हा फायदा शहराच्या गर्दीत जास्त, महामार्गावर कमी. त्यासाठी एर्टिगाच्या दुपटीहून अधिक पैसे कशाला मोजायचे? प्लग लावून चार्ज होणारी हायब्रीड तर आपल्याकडे महागड्या परदेशी गाड्यांतच.

रोज अमरावतीला अपडाऊन असेल तर सीएनजी घ्यावी. गाडी लग्नकार्यापुरतीच निघणार असेल तर साधी पेट्रोल एर्टिगा बरी, डिकीही शाबूत राहते.