केनियाचे शेंगदाणे आणि पुण्याची लस

मे २०२१ मध्ये केनियाने भारताला बारा टन चहा, कॉफी आणि शेंगदाणे पाठवले. करोनाच्या दुसऱ्या लाटेत रुग्णांसाठी अहोरात्र राबणाऱ्यांना चार घास मिळावेत, एवढाच त्यामागचा हेतू. महाराष्ट्रात वाटण्यासाठी तो माल मुंबईत रेडक्रॉसकडे सुपूर्द झाला. आपल्याकडे काहींनी त्याची टिंगल केली. महासत्ता व्हायला निघालेल्या देशाला शेंगदाणे, असे टोमणे फिरत होते.

टिंगल करणाऱ्यांना पुढची हकीकत ठाऊक नसावी. त्या दिवसांत केनियातले आरोग्यसेवक लशीच्या दुसऱ्या मात्रेची वाट पाहत होते, आणि ती पुण्याहून यायची होती. मार्च २०२१ च्या आरंभी 'कोव्हॅक्स' योजनेतून दहा लाखांवर मात्रा नैरोबीला पोहोचल्या होत्या, सगळ्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनलेल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस भारताने निर्यात रोखली. 'कोव्हॅक्स'कडे पुन्हा माल जाऊ लागला तो नोव्हेंबरात. केनियाला दोन मात्रांमधले अंतर वाढवावे लागले.

निर्यातबंदी सरसकट चूक होती असे आम्ही म्हणणार नाही. त्या एप्रिलात प्राणवायूसाठी वणवण केलेली कुटुंबे आपल्या बडोद्यातही आहेत. त्यांना आफ्रिकेची काळजी करा असे सांगणे क्रूरपणाचे होईल. आमचा सवाल वेगळा आहे. इतके देश एका कारखान्यावर विसंबून होते, आणि संकटात कोणाला किती मिळावे याचा नियमच नव्हता. श्रीमंत देशांनी तर आपल्या लोकसंख्येच्या कित्येक पट मात्रांचे करार आधीच करून ठेवले होते. पेटंटचे नियम शिथिल करा, ही भारत व दक्षिण आफ्रिकेची मागणी ऑक्टोबर २०२० ची. जून २०२२ मध्ये तिला होकार मिळाला, तोही कातरून. तोवर ओमायक्रॉन येऊन गेला होता. दक्षिण आफ्रिकेने तो प्रामाणिकपणे जगाला कळवला आणि बक्षीस म्हणून विमानबंदी मिळवली! २ डिसेंबर २०२१ ला बंगळुरात रुग्ण सापडलेच.

महबूब उल हक या पाकिस्तानी अर्थतज्ज्ञाच्या पुढाकाराने १९९४ च्या मानव विकास अहवालात 'मानवी सुरक्षा' हा विचार मांडला गेला: सुरक्षा म्हणजे केवळ सीमेवरचे सैन्य नव्हे, अन्न, आरोग्य, रोजगारही. बडोदेकरांना हे परके वाटू नये. ओडेसात जन्मलेल्या हाफकिन यांनी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि पुढच्याच वर्षी तिची परीक्षा आपल्या शेजारच्या उंढेरा गावात झाली.

२० मे २०२५ रोजी जागतिक आरोग्य सभेने महासाथ करार स्वीकारला. सहभागी कंपन्यांनी साथीच्या काळात उत्पादनाचा पाचवा हिस्सा जागतिक आरोग्य संघटनेला उपलब्ध करावा, त्यातला निदान निम्मा विनामूल्य, असे त्यात आहे. तपशील मात्र पुढच्या वाटाघाटींवर सोडला. अमेरिकेने तर त्याआधीच, जानेवारीत, संघटना सोडण्याची घोषणा केली होती. म्हणजे भार आपल्यासारख्या लस बनवणाऱ्या देशांवर अधिक.

किती मात्रा घरी राहतील आणि किती बाहेर जातील, हे भारताने साथ येण्याआधीच कायद्याने ठरवावे, ही आमची मागणी आहे. तसे निवेदन मंडळातर्फे खासदारांना द्यायचे आहे. मसुदा कार्यालयात ठेवला आहे. सभासदांनी वाचावा, पटला तर सही करावी.